देवमाशाकडे पाठ

भुजंग फळ्यावर देवमासा काढत होता. शेपटी आडवी काढायची, माशासारखी उभी नाही. पेपर काढणारे नेमके इथेच पोरांना पाडतात, म्हणून ती रेघ तो दरवर्षी दोनदा गिरवायचा. दुसऱ्यांदा गिरवत असताना मागे बाक सरकल्याचा आवाज झाला आणि त्याची स्वतःची मुलगी उठून चालू लागली. शिवांगी. तिने दप्तर एका खांद्यावर टाकलं, पाण्याची बाटली उचलली आणि पत्र्याच्या त्या लांबलचक शेडमधून, कूलरांच्या घरघरीतून, मेडिकलच्या परीक्षेला पुन्हा बसलेल्या शेकडो रिपीटर पोरापोरींच्या मधल्या वाटेने ती दाराकडे निघाली. घाईत नाही, रागात नाही, बाजारातून काही न घेता परतावं तशी. भुजंगच्या शर्टाला माइक लावलेला होता. तिला हाक मारायची म्हटली तरी ती आठ स्पीकरांतून सगळ्यांच्या कानावर पडली असती. सर आपल्याच पोरीला थांबवू शकले नाहीत, हे तिन्ही बॅचेसमध्ये दुपारपर्यंत पसरलं असतं. तेव्हा तो माइकमध्ये एवढंच म्हणाला, "देवमासा हा मासा नाही," आणि पोरं दरवर्षी हसतात तिथे हसली. तोही हसला. पगार त्या हसवण्याचाच होता.

संध्याकाळी घरी आला तेव्हा ती गॅसपाशी चहा उकळत उभी होती. घर म्हणजे रिंग रोडच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. लातुरात अशा खोल्यांमध्ये कुणाच्या ना कुणाच्या आया येऊन राहतात, पोराची परीक्षा होईपर्यंत पोळ्या लाटतात आणि निकाल लागला की गॅस-गादी टेम्पोत टाकून गावी जातात. इथे आईच्या जागी बाप होता, एवढाच फरक. बायको महादेवी नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स. तिला रजा मिळेना, आणि खरं सांगायचं तर तिला यायचंही नव्हतं. भिंतींवर सगळीकडे चिकटवलेले कागद होते, जीवांची वर्गवारी, हाडांची नावं, संडासाच्या दारावर आतून संप्रेरकं. पहिल्या वर्षी शिवांगीचं मेडिकल थोडक्यात हुकलं होतं. दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा कमी मार्क पडले. आता तिसऱ्यांदा भुजंगने तिला विचारलंसुद्धा नव्हतं. निकालाच्या पुढच्या सोमवारी नव्या बॅचमध्ये तिचं नाव घालून टाकलं होतं.

"कामून उठलीस?" त्याने विचारलं.

"तेच विनोद, पप्पा. तेच थांबणं. पोरं कुठं हसणार तेबी मला पाठ झालंय."

"मग झाली की रिव्हिजन."

तिने चहा गाळला. त्याचा कप त्याच्यापुढे ठेवला. "तुम्ही कधी देवमासा बघितलाय का हो?"

"लातूरला कुठला देवमासा? इथं माणसाला प्यायला पाणी रेल्वेनं आणावं लागलं."

हे तो वर्गात म्हणाला असता तर शेड कोसळली असती हसून. ती हसली नाही. म्हणाली, "मला नांदेडला जायचंय. आईकडं. बीएस्सी करते. लई बेजार झाले मी, पप्पा. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतेत, वाचता येत न्हाईत." भुजंगने तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला. रागाने नाही. ती नांदेडच्या गाडीत बसली, गाडी लोह्याच्या पुढे गेली, की ती आपल्या हातातून कायमची सुटली असं त्याला वाटलं. काहीतरी करून तिला इथे धरायला हवं होतं आणि त्याच्याजवळ धरण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हा त्याला व्यंकटी सरांची सहल आठवली. क्लासचे मालक व्यंकटी सर या वर्षीच्या रँकरांना घेऊन श्रीलंकेला निघाले होते, बोटीतून देवमासे बघायला. मागच्या वर्षी दुसऱ्या एका क्लासने पोरांना विमानाने दिल्ली दाखवली होती, त्याच्या वरताण काहीतरी करायलाच हवं होतं. स्टाफला घरचं एक माणूस आणायची मुभा होती. शिवांगीचा पासपोर्ट तयार होता. इथे नंबर लागला नाही तर डॉक्टरकीला बाहेरदेशी पाठवू म्हणून बारावीतच काढून ठेवलेला.

"तू चल माझ्यासंगं," तो म्हणाला. "मी दाखवतो तुला देवमासा. खराखुरा. पण आल्यावर एकदा, शेवटचं एकदा, मन लावून बस."

तिने कपातली साय बोटाने बाजूला केली. "तुम्ही दाखवणार?"

"हाव."

"दोघांनी मिळून बघायचा. फळ्यावरचा न्हाई."

"हाव म्हटलं ना."

"मग बसते," ती म्हणाली, आणि लहानपणी रंगपेटी मिळाल्यावर हसायची तशी जराशी हसली. महादेवीला फोनवर कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोरीला लालूच दाखवायलाव तुम्ही. शोभतंय का?" त्यावर भुजंगने रेंज जातेय म्हणून फोन ठेवला.

महादेवीला कळायचं नाही ते. तिचं माहेर नांदेडचं. त्र्याण्णवच्या त्या पहाटे तिच्या घरात भांडी वाजली आणि लोक उठून अंगणात आले, एवढाच भूकंप तिने बघितला. भुजंगनेही खरं तर त्याहून फारसा बघितला नव्हता. तो बारावीत होता, लातूरला वसतिगृहात. पलंगाखालची ट्रंक सरकली, पोरं ओरडत मैदानात पळाली, उजाडल्यावर कुणीतरी किल्लारीचं नाव घेतलं. त्याचं गाव तिथून जवळच. तो ट्रकच्या मागे बसून गावी पोचला तेव्हा गावाच्या जागी दगड होते. वडील मलप्पा गणपती बसवलेल्या देवळापाशी झोपले होते म्हणून नुसतं डोकं फुटून वाचले. आई गेली. धाकटी बहीण भीमा गेली. भीमा दहावीत होती, भुजंगपेक्षा हुशार. तिलाही लातूरला ठेवा असं गुरुजी म्हणाले होते आणि मलप्पा म्हणाले होते, पोरीला काय करायचंय, पुढच्या वर्षी बघू. मग जो तो यायचा, भुजंगच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, शिकायला गेला म्हणून वाचला बघ. सोयरे म्हणाले, तहसीलदार म्हणाला, पत्र्याच्या शेडमध्ये भाजी वाटणाऱ्या परक्या बायाही म्हणाल्या. इतक्या लोकांनी म्हटलं की ते त्याच्या हाडात जाऊन बसलं. घरी राहिलेलं पोर मरतं आणि शिकायला पाठवलेलं जगतं. याला काही अर्थ नाही हे त्यालाही कळायचं, तो विज्ञान शिकवणारा माणूस होता. पण शिवांगी जन्मली आणि दवाखान्यात तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं होतं की हिला घरात ठेवायची नाही.

हैदराबादेहून विमान, कोलंबोहून रात्रभर बस, आणि सकाळी त्रिंकोमालीचा धक्का. भुजंगने समुद्र पहिल्यांदाच बघितला. त्याला तो आवडला नाही. विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी कसं अडून उभं असतं, त्याला काठ असतो. हे पाणी उगीचच सगळीकडे होतं. दोन मजली लाँच भाड्याने घेतली होती. व्यंकटी सर पांढऱ्या बुटांत, गॉगल लावून, पोरांच्या पाठी थोपटत फिरत होते. "खा, प्या, एन्जॉय करा, पण टोप्या काढायच्या न्हाईत," ते ओरडत होते, कारण टोप्यांवर क्लासचं नाव होतं. लातुरात गंजगोलाईजवळ फोटो स्टुडिओ असलेला अकरम खास सहलीसाठी आणलेला होता. क्लासचे सगळे फ्लेक्स त्याच्याच फोटोंचे असत. रँकर पोरं सुरुवातीला खूप बोलत होती, मग किनारा दिसेनासा झाला आणि एकेकाचा रंग उतरू लागला. शिवांगीला मात्र काही होत नव्हतं. ती वाऱ्यात उभी होती, तिचे केस सुटले होते, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती तिच्या वयाची दिसत होती. "पप्पा, पाणी बघा की, वरनं निळं, आत काळं." भुजंग म्हणाला, "प्रकाश आत पोचत नाही म्हणून." ती म्हणाली, "आज शिकवू नका ना." मग त्याने तिचा हात धरला. तिनेही धरू दिला. किती वर्षांनी, ते त्याला आठवेना. आपण दोघं असेच उभे आहोत आणि कुणीही कुणाला काही विचारत नाही, हे सुख त्याला इतकं अनोळखी होतं की त्याचे डोळे भरून आले आणि ते वाऱ्याने, असं त्याने स्वतःला सांगितलं.

सुकाणूपाशी उभा असलेला तमिळ नावाडी एकदम हात उंचावून ओरडला. लांब पाण्यावर देवमाशाने सोडलेल्या श्वासाचा, वाफेचा एक खांब उठला आणि विरून गेला. "ब्लो! ब्लो!" लाँच तिकडे वळली. सगळी पोरं एका बाजूला धावली, लाँच कलली, नावाडी शिव्या देऊ लागला. आणि त्या गोंधळात व्यंकटी सरांचा आवाज आला, "थांबा! बॅनर! आधी बॅनर उघडा!"

बॅनर अर्थात आणला होता. लातुरात बॅनरशिवाय काही घडत नाही. नारळ फुटत नाही, सत्कार होत नाही, कुणी मेलं तर दुःखही बॅनरवरच आधी होतं. हा खास बनवून घेतला होता, चांगला दहा हात लांब, वर क्लासचं नाव, खाली 'यशाच्या सागरातील देवमासे'. बेत असा होता की रँकरांनी बॅनर धरून ओळीत उभं राहायचं, पाठीमागे देवमासा, समोरून अकरम फोटो काढणार. "माना समोर ठेवायच्या. कुणी मागं वळायचं न्हाई. एकदा फोटो होऊ द्या, मग बघा दिवसभर." अकरम म्हणाला, "सर, पोरांना आधी बघू तरी द्या. तो काय आपल्यासाठी थांबणारय?" सर म्हणाले, "तुला बघायला आणलंय का फोटो काढायला?" वारा जोराचा होता, पोरांच्या हातातून टोकं सुटत होती. "भुजंग सर, हे टोक तुम्ही धरा. तुमचा हात दमदार हाय." भुजंगने शिवांगीचा हात सोडला आणि बॅनरची दोरी मनगटाला गुंडाळली.

शिवांगी त्याच्या शेजारीच येऊन उभी राहिली, ओळीत. तिला कळलंच नव्हतं. व्यंकटी सर लाडाने म्हणाले, "शिवांगी बेटा, तू जरा बाजूला हो. ह्यात रँकरच पायजेत. पुढच्या वर्षी तुला मधोमध उभं करतो, काय?" दोघंतिघं हसले. तिने बापाकडे बघितलं. तो बॅनरच्या कोपऱ्यातल्या पितळी कडीकडे बघत होता, जसं काही त्या कडीत त्याची नोकरी, तिचं पुढचं वर्ष, सगळं अडकवलेलं होतं. "जा," तो म्हणाला. "दोनच मिनिटं."

ती त्याच्या पाठीमागे, कठड्याशी गेली. भुजंग समोर बघत उभा राहिला आणि त्याच्या नाकात एकाएकी घोंगड्यांचा वास आला, नव्या घोंगड्यांचा, गोदामातला. भूकंपानंतर मलप्पा असेच डोक्याला फडकं बांधून ओळीत उभे होते. कुठल्याशा मंडळाचा ट्रक आला होता, त्याला बॅनर लावला होता, आणि घोंगडं देताना प्रत्येकाला त्या बॅनरपुढे उभं करून फोटो काढत होते. "बाबा, ते फडकं जरा वर करा, टाके दिसू द्या," फोटोवाला म्हणाला आणि मलप्पांनी फडकं वर केलं. आई आणि भीमाला जाळून आठवडाही झाला नव्हता. भुजंग बापाचा दंड धरून उभा होता. त्या माणसाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, त्याची इस्त्रीची पँट, लातूरहून आलेले बूट, आणि म्हणाला, "तू बाजूला हो. तू भूकंपग्रस्त दिसत न्हाईस." भुजंगने बापाकडे बघितलं होतं. बापाने एक शब्द काढावा, एवढंच. हा माझा मुलगा आहे, एवढंच. मलप्पा घोंगडं छातीशी धरून समोर बघत राहिले. त्यानंतर मलप्पा चांगली पंधरा वर्षं जगले, पुनर्वसनाच्या घरात, कागदावर आखल्यासारख्या सरळ गल्लीत, आणि भुजंग दर दिवाळीला जायचा, पाया पडायचा, पैसे ठेवायचा, पण त्याने बापाला माफ केलं नाही. बाप मेला तेव्हाही नाही.

वळ, त्याने स्वतःला सांगितलं. नुसतं वळ. टोक सोड. काय होईल? बॅनर उडेल. सर ओरडतील. फार तर लातूरला गेल्यावर बोलावून घेतील, समोर बसवतील, चहा पाजतील आणि त्याच गोड आवाजात सांगतील की झूलॉजीला दुसरे एक सर बघितलेत. मग शिवांगीची क्लासमधली सीट जाईल, मग खोली, मग सगळंच. एवढा मोठा हिशेब त्याच्या डोक्यात क्षणात झाला, आणि तेवढ्यात मागे, अगदी पाठीशी, कुणीतरी श्वास सोडला. असा आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटावा तसा, पण ओला, आणि जिवंत. मानेवर बारीक तुषार पडले. कुजक्या मासळीचा दर्प आला. रँकर पोरांच्या माना आपोआप वळल्या आणि सर किंचाळले, "समोर! समोर बघा!" पायाखालची लाँच हळूच वर उचलली गेली आणि खाली बसली. "पप्पा!" शिवांगीने हाक मारली. वाऱ्याने बॅनर फुगला, भुजंगने दोन्ही हातांनी तो खाली ओढला. "पप्पा, बघा ना!" दुसरी हाक जवळून आली, जरा हळू. तिसरी आली नाही. अकरम खटाखट फोटो काढत होता आणि भुजंग दात दाखवून हसत होता, कारण सर हसा म्हणाले होते.

मग ते संपलं. सगळे एकदम कठड्याकडे धावले. पाण्यावर एक मोठा गुळगुळीत गोल होता, तेल सांडल्यासारखा, तोही हळूहळू मोडत गेला. नावाड्याने हातानेच खूण केली, खाली गेला, खोल, आता येत नाही. तासभर वाट बघितली. समुद्र खवळला, पोरं ओकू लागली, लाँच परत फिरली. सगळे फोटो बघितल्यावर कळलं की ऐन वेळी वाऱ्याने बॅनर उचलला होता आणि त्याच्यामागे देवमासा झाकून गेला होता. एकाही फोटोत तो आला नव्हता. व्यंकटी सरांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. "इंटरनेटवरनं घे रे एखादा चांगला," ते अकरमला म्हणाले.

शिवांगी टोकाला एकटीच बसली होती. चेहऱ्यावर मीठ वाळलं होतं. भुजंग शेजारी जाऊन बसला. "बघितलास?"

"हाव."

"कसा होता?"

ती सांगायला गेली. तिचे ओठ हलले, हातही जरा वर आला, केवढा ते दाखवायला. मग तिने तो मांडीवर परत ठेवला. "न्हाई सांगता येणार," ती म्हणाली. तुटक नव्हती बोलली. उलट त्याच्यावर दया आल्यासारखी बोलली आणि ते त्याला जास्त लागलं.

हैदराबादच्या विमानतळावर क्लासची बस उभी होती, आणि बसच्या जरा पलीकडे महादेवी. नांदेडहून आली होती. शिवांगीने तिला कधी फोन केला, कोलंबोहून की आधीच, भुजंगला समजलं नाही. पोरीने आपली बॅग बसच्या डिकीत टाकलीच नाही. ती खांद्यावर घेऊन आईकडे चालली, तेव्हा तो मागे धावला. "अगं, आपलं ठरलं होतं ना? तू म्हणलीस बसते म्हणून."

"ठरलं होतं तुम्ही दाखवणार म्हणून," शिवांगी म्हणाली. "तुम्ही न्हाई दाखवला, पप्पा. मी एकटीनंच बघितला."

"दोन मिनिटांसाठी तू आयुष्याचं वाटोळं करायलीस. तुला कळतंय का? तुझ्या आत्याचं काय झालं, ठाऊक हाय ना तुला?" त्याचा आवाज चढला होता. बसच्या दारातून व्यंकटी सर इकडे बघत होते, म्हणून त्याने तो लगेच खाली आणला, आणि ते शिवांगीने बघितलं.

"आत्या भूकंपात गेली," ती म्हणाली. "नापास होऊन न्हाई गेली."

महादेवीने लेकीच्या खांद्यावरची बॅग घेतली, भुजंगकडे एकदा बघितलं, जेवण वेळेवर करत जा असं काहीतरी म्हणाली, आणि दोघी टॅक्सींच्या दिशेने गेल्या. शिवांगीने वळून बघितलं की नाही, ते त्याला सांगता आलं नसतं. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि उद्या सकाळी सहाला बॅच होती.

बस जहीराबादच्या पुढे आली तशी पोरं झोपली. व्यंकटी सर पुढच्या सीटवर मान टाकून घोरत होते. अकरम मांडीवर लॅपटॉप घेऊन फ्लेक्ससाठी फोटो निवडत होता. तो उठून भुजंगच्या शेजारी येऊन बसला. "सर, सगळ्यांत हाच बरा आलाय. सगळे हसायलेत. पण एक बघा."

भुजंगने बघितलं. ओळीत रँकर पोरं, निळा फुगलेला बॅनर, टोकाला तो स्वतः, दोरी गुंडाळलेलं मनगट, सगळे दात बाहेर. आणि त्याच्या खांद्यामागे कठड्याशी शिवांगी. तोंड समुद्राकडे होतं, केस उडालेले, गालाचा नुसता कडेचा भाग दिसत होता आणि तो गाल हसत होता. एक हात कठड्यावर. दुसरा तिने मागे लांबवला होता, न बघता, बोटं पसरून, तो आपण नुसता मागे केला की बापाच्या हाताला लागेल अशा खात्रीने. त्याच्या सदऱ्यापासून ती बोटं वीतभरच लांब होती.

"आपली शिवांगी आलीय मागं," अकरम हळूच म्हणाला. "सर म्हणतेत फ्लेक्सवर रँकरच पायजेत. पण मी राहू देतो म्हणलं तर राहील, कुणाला कळत न्हाई. तुम्ही सांगा. ठेवू का कापू?"

बस एका खड्ड्यातून गेली, लॅपटॉप हलला, भुजंगने तो दोन्ही हातांनी सावरून धरला.

"काप," तो म्हणाला.